आठ दिवसांनी ये

मला राग लवकर येतो. बँकेच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसले तेव्हा तो गिळावा लागायचा. मग दोन बँकांची एक झाली, माणसं जास्त झाली, आणि जास्त झालेल्यांत मी निघाले. निरोपाला त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मी त्याच आठवड्यात विकलं आणि मोठी छत्री, बाक आणि वजनकाटा घेतला. तेव्हापासून राग गिळायचं कारण उरलं नाही.

मी ताकोराडी शहरात मार्केट सर्कलजवळ, कोजोक्रोमला जाणाऱ्या ट्रोट्रो, म्हणजे वडापच्या गाड्या, भरतात तिथे, चिल्लर विकते. चर्चकडे, भिकाऱ्यांकडे, पाण्याच्या पिशव्या विकणाऱ्या बायकांकडे नाणी साठतात. त्यांना नोटा हव्या असतात. ट्रोट्रोच्या कंडक्टरांना आम्ही मेट म्हणतो. त्यांच्याकडे नोटा साठतात आणि त्यांना नाणी हवी असतात, नाहीतर उतारू त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी मध्ये बसते. शंभराच्या नोटेला पंच्याण्णव सेडींची नाणी देते. ज्याला हे महाग वाटतं त्यानं बँकेत जाऊन दाखवावं.

नाणी मी मोजत नाही, तोलते. जातवार वेगळी करायची, तोलायची, वजनाची चिठ्ठी पिशवीला टाचायची. चिठ्ठी लागली की माल मी घेतला. मग मी मागे फिरत नाही आणि गिऱ्हाइकालाही फिरू देत नाही. हा नियम माझाच आहे. कुणी दुसऱ्यानं केला असता तर मी त्याच्याशी भांडले असते.

आमच्यात जन्मवारावरूनच नाव पडतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये वारांची चढाओढ असते. रविवारी जन्मलेल्या एसी आणि क्वेसी, शुक्रवारच्या एफुआ आणि कोफी, बुधवारच्या माझ्यासारख्या एकुआ, असे सगळे आपापल्या वाराच्या पिशवीत दान टाकायला नाचत जातात. ज्या वाराची पिशवी जड तो वार जिंकला. सात पिशव्या, प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं वार भरलेला. सोमवारी सकाळी क्वामेना एशुन त्या माझ्याकडे आणतो. रेल्वेतून निवृत्त झालेला, प्रामाणिक आणि अत्यंत चेंगट माणूस.

त्या सोमवारी पिशव्या आठ होत्या.

"किती आणल्यास?" मी विचारलं.

"सात."

"मोज."

त्यानं बोट लावून मोजल्या. मग चष्मा पुसून परत मोजल्या. "आठवी आमची नाही. वार किती असतात, एकुआ?"

"तू आणलीस, तू सांग."

"मी कपाटातून सातच काढल्या. तुझ्याच बाकाखालची असेल. म्हातारी होत चाललीस."

"म्हातारी तुझी बायको."

आठवीवर काहीच भरलेलं नव्हतं. आत एकेक सेडीची नाणी, सगळी कोरी करकरीत, हाताचा मळ न लागलेली. एशुन ती परत न्यायला तयार होईना. आज न तोलता ठेवून घेतली आणि उद्या मालक उगवला तर चोरीचा आळ माझ्यावर यायचा, म्हणून मी रागारागानं ती काट्यावर आदळली. दोन किलो नऊशे दहा ग्रॅम. चिठ्ठी लिहिली आणि टाचली.

मंगळवारी दुपारी बाराला तो आला. तीन मेटांच्या मागे शिस्तीत उभा राहिला, तेच मला खटकलं. माझ्याकडे रांग नसते, धक्काबुक्की असते. खांद्यावरून कोरं पांढरं कापड घेतलेलं, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. वय तीस म्हणावं तर तीस, साठ म्हणावं तर साठ. ऊन डोक्यावर होतं आणि त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"मावशी, माझे सुट्टे तुमच्याकडे आलेत," तो म्हणाला. "बंदे हवे होते."

"तुझेच कशावरून? नाव काय?"

"ते अजून ठेवायचंय."

मला वाटलं, थट्टा करतोय. पहाटेपासून माझी मुलगी एफुआ इस्पितळात कळा देत होती आणि नर्सनं मला 'तोंड फार चालतं तुमचं' म्हणून बाहेर काढलं होतं. अशा दिवशी माझी थट्टा करू नये.

"आज बंदे नाहीत," मी म्हणाले. "आठ दिवसांनी ये."

आम्ही सगळे असंच म्हणतो. वार सात, पण आठवडा आठांचा. आजचा दिवस धरून मंगळवार ते मंगळवार बोटांवर मोजा, आठ भरतात. खिडकीमागे मी हे वाक्य दिवसातून तीस वेळा म्हणायची, आणि त्याचा अर्थ 'येऊ नका' असाच असायचा. गिऱ्हाइकांनाही तो कळायचा.

"बरं," तो म्हणाला. "आठव्या दिवशी येतो."

माझ्या शेजारी फोनचं रिचार्ज विकणारी मान्सा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. "किती सभ्य माणूस! तुझ्या मेटांनी याच्याकडून शिकावं."

दोन वाजता फोन आला. मुलगी झाली होती. मंगळवारची, म्हणजे अराबा. वेगळं नाव शोधायची गरजच नव्हती. पण नाव लगेच घेत नाहीत. आठव्या दिवशी पहाटे मुलाला बाहेर आणून, जिभेवर पाण्याचा आणि दारूचा थेंब लावून नाव देतात. तोवर ते पाहुणं असतं. घर आवडलं तर राहतं, नाहीतर आलं तिकडे परत जातं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

"वजन किती?" मी विचारलं.

"दोन किलो नऊशे दहा," नर्स म्हणाली. "छान आहे."

आकडे सारखे निघतात. बावीस वर्षांत मी असे कितीतरी पाहिलेत. मी तो विचार तिथेच सोडला.

शुक्रवारी पिशवी विकायला काढली आणि सवयीनं काट्यावर ठेवली. दोन किलो सातशे चाळीस. चिठ्ठी नऊशे दहा सांगत होती. मान्सावर संशय घेतला, तिच्याशी भांडले, तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मग खाली बसून नाणी मोजली. चारशे बारा. दोन किलो नऊशे दहाला तितकीच हवीत. एकही कमी नव्हतं.

संध्याकाळी घरी गेले तर एफुआ रडकुंडीला आली होती. दवाखान्यात बाळाचं वजन कमी भरलं होतं. "सगळ्याच बाळांचं उतरतं गं पहिल्या आठवड्यात," मी म्हणाले. ते खरंच आहे. "किती भरलं?"

"दोन किलो सातशे चाळीस."

शनिवारी पहाटे मी काटा घरी आणला. दुधाचा सीलबंद डबा ठेवून पाहिला, काटा बरोबर होता. घमेल्यात फडकं घालून बाळाला तोललं: दोन किलो सातशे पंचावन्न. पिशवी तोलली: दोन किलो सातशे पंचावन्न. नाणी मोजली: चारशे बारा. एफुआनं विचारलं, "आई, काय चाललंय?" मी म्हणाले, "काटा तपासतेय." मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा इतका संताप आला की रिकामं घमेलं हातातून सुटलं.

ती पिशवी मला नको होती. कुणाच्या तरी गळ्यात मारायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच मी ठरवलं. ज्याच्या गळ्यात मारायची त्याचं काय, हा विचार मी केला नाही. खोटं कशाला सांगू?

सोमवारी माझ्या जुन्या बँकेत गेले. माझ्या खिडकीत टाय लावलेला एक तरणा नाथानिएल बसला होता.

"मॅडम, नाण्यांचा वार बुधवार," तो पिशवीकडे न बघता म्हणाला. "हा फॉर्म. नाव, जन्मवार, पत्ता, नाणी कुठून आली, सही. एक ओळ जरी रिकामी राहिली तरी आम्हाला घेता येत नाही."

"अरे, तू शाळेत नाक पुसत होतास तेव्हा मी या खिडकीत बसत होते!"

"मग तुम्हाला ठाऊकच असेल, मॅडम. आठ दिवसांनी या."

काचेवर त्या नियमाचा कागद चिकटवला होता. पिवळा पडला होता, पण अक्षर माझंच होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ओरडायला तोंड उघडलं तर शब्द सापडेना, कारण माझ्याकडचे सगळे शब्द तोच बोलून बसला होता.

समोरच्या काचेच्या दाराच्या दुकानात गेले. तिथली कॅशवाली मला चांगली ओळखते.

"नाणी नकोत, मावशी. ड्रॉवर जड होतो."

"परवा मला सुट्टे नाहीत म्हणून दोन गोळ्या हातावर टेकवल्यास ना?"

"गोळ्या आहेत की अजून. देऊ?"

मग उरले मेट. जोजो नावाचा मिशाळ मेट कोजोक्रोमची गाडी भरत होता. त्याला मी त्या पिशवीतली वीस नाणी दिली आणि विसाची नोट घेतली. त्याचं भाग्य उजळलं असं त्याला वाटलं. मी कुणाला पूर्ण पैसे कधी देत नाही. गाडी हलली.

फोन वाजला. एफुआ होती. "आई, ती दूध ओढत नाहीये. गालाला हात लावला तरी डोळे उघडत नाही. आई, तू ये."

मी धावले. पंचावन्न वर्षांची बाई गोल चौकातून ट्रोट्रोमागे धावताना अख्ख्या बाजारानं पाहिली. गाडी वळणावर अडकली म्हणून दांडा हाताला लागला.

"माझी नाणी परत दे!"

"मावशी, डोकं फिरलं का? नाणी सगळी सारखीच!"

"कोरी दे, कोरी! जुनी नकोत मला!"

त्याच्या मुठीत एकोणीस निघाली. विसावं त्यानं खिडकीतून संत्रीवालीला दिलं होतं. मी मागे पळाले आणि तिच्या डब्यात हात घातला. ती मला शिव्या देत होती, मीही देत होते. ते नाणं तळाशी होतं. ते पिशवीत टाकलं, गाठ मारली आणि रस्त्यातच बसले.

फोन परत वाजला. "ओढतेय," एफुआ म्हणाली. रडत होती. "आत्ता एकदम ओढायला लागली."

मंगळवारी पहाटे अंगणात सगळे जमले. जावयाच्या काकांनी बोट पाण्यात बुडवून बाळाच्या जिभेला लावलं, मग दारूचं बोट लावलं. "पाणी म्हणशील तेव्हा पाणीच म्हण. दारू म्हणशील तेव्हा दारूच म्हण. अराबा." तिनं तोंड वाकडं केलं आणि सगळे हसले. पाहुणी घरची झाली होती. माझा विश्वास नव्हता, तरी मला हायसं वाटलं.

मग मी पिशवी उचलून ट्रोट्रोंच्या स्टेशनवर, माझ्या बाकाशी गेले. मी गेले नसते तर तो घरी आला असता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाराला तो आला. तेच कापड, त्याच घड्या.

"आठ दिवस झाले, मावशी."

मी चारशे बारा सेडींच्या नोटा काढून ठेवल्या होत्या. दोनशेच्या दोन, दहाची एक, आणि दोनाचं एक नाणं. माझं कमिशनसुद्धा कापलं नाही. त्यानं त्या दोन्ही हातांत घेऊन पाहिल्या आणि बाकावर परत ठेवल्या.

"हेही सुट्टेच आहेत," तो म्हणाला. "मला बंदा हवाय."

"मग घे तुझी पिशवी आणि चालता हो!"

"सुट्टे मी दिले. तुम्ही तोलून घेतले, चिठ्ठी लावली." आवाज अजिबात चढला नव्हता. "आता मागे कसं फिरायचं?"

मग त्यानं एफियाकुमाकडच्या रस्त्याकडे पाहिलं. तिकडे माझं घर आहे.

मला राग आला.

आयुष्यात इतका कधी आला नव्हता. बँकेवर आला नव्हता, नवऱ्यावर आला नव्हता. ओरडले नाही. पाठ ताठ केली, पदर सारखा करावा तसं खांद्यावरचं कापड सारखं केलं, आणि बावीस वर्षं जो आवाज वापरला तो काढला.

"फॉर्म कुठाय?"

तो थांबला. "फॉर्म?"

नाथानिएलनं दिलेला कागद माझ्या हातपिशवीत होता. मी तो त्याच्या हातात दिला. "प्रत्येक ओळ भरायची. नाव, जन्मवार, पत्ता, सही. एक ओळ जरी रिकामी राहिली तरी व्यवहार होत नाही."

तो वाचत राहिला. पहिल्या ओळीवर बराच वेळ थांबला.

"नाव तर…"

"माझा नाइलाज आहे. नियम आहे. आठ दिवसांनी ये."

तो मान लववून म्हणाला, "बरं," आणि गेला.

पुढच्या मंगळवारी तो फॉर्म घेऊन आला. सुबक अक्षरात सगळं भरलेलं होतं, पत्तासुद्धा. तो मी वाचला नाही. नावाची ओळ रिकामी होती. मी कागद वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिला, चष्मा काढला, परत घातला. "इथे रिकामं आहे. आठ दिवसांनी ये."

अशी सहा वर्षं गेली. मी एकही मंगळवार चुकवला नाही. मलेरियाच्या तापात शाल गुंडाळून बाकावर बसले. माझ्या थोरल्या बहिणीला मंगळवारी पुरलं, तिच्या मातीला मी गेले नाही. भाचे अजून माझं तोंड बघत नाहीत. एफुआ म्हणाली, "आई, धंदा तुला जिवापेक्षा मोठा झाला." म्हणू दे. तिला काय सांगणार? आणि दर मंगळवारी त्याच्याकडे पाहून मला तितकाच राग यायचा, आणि मी तो जपायची. तो विझला तर माझ्या आवाजात दया येईल, याचीच मला धास्ती होती.

पिशवी बाकाखालीच राहिली. नाणी चारशे बारा. अराबा चार किलोची झाली तेव्हा पिशवी चार किलोची झाली. कापड फाटलं, मी दोनदा पोतं बदललं. यंदा ती पहिलीत गेली आणि शाळेतल्या काट्यावर अठरा किलो भरली. पोतं हलवायला मला दोन्ही हात लागायचे आणि कंबर धरायची. ते ओझं ओढताना मात्र मला राग आला नाही. उलट बरं वाटायचं.

गेल्या मंगळवारी शाळेला सुट्टी होती. एफुआ आता तार्क्वाला कामाला असते आणि रविवारी येते, म्हणून अराबाला मी सोबत आणलं. माझ्या गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. पावणेबाराला तिला काचेच्या दाराच्या दुकानातून पाणी आणायला पाठवलं. ती पाणी घेऊन आली, आणि मुठीत दोन गोळ्या.

"पन्नास पेसेवा परत द्यायचे होते ना?"

"सुट्टे नाहीत म्हणाले, आजी."

मुलीच्या हातावरसुद्धा गोळ्या! मी उठलेच. "इथून हलू नकोस," मी म्हणाले. "मी आलेच."

मी छान भांडले. कॅशवालीला रडवलं, मालकाला आतून बाहेर काढलं. मी तीन हजार नाणी या रस्त्यावर रोज फिरवते, मला सुट्टे नाहीत म्हणून सांगता? लोक जमले. शेवटी मालकानं स्वतःच्या खिशातून पन्नास पेसेवा काढून माझ्या हातात ठेवले. ते मुठीत घट्ट धरून मी जिंकल्यासारखी बाहेर आले.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

अराबा बाकावर बसून पाय हलवत होती.

"आजी, ते पांढऱ्या कापडवाले काका येऊन गेले."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. उन्हात उभे होते. त्यांच्या कागदावर एक ओळ रिकामी राहिली होती. म्हणून तू त्यांना परत पाठवतेस ना?"

मी मुठीतले पन्नास पेसेवा बाकावर ठेवले.

"मी भरून दिली."

"काय लिहिलंस?"

"नाव."

"कुणाचं, अराबा?"

तिनं गोळी या गालातून त्या गालात नेली. "मला एकच लिहिता येतं ना," ती म्हणाली.

शेजारून मान्सा म्हणाली, "किती खूश होऊन गेला बिचारा. दोनदा आभार मानले पोरीचे."

मी खाली वाकले आणि पोतं ओढलं. जोर लावून ओढलं म्हणून तोल जाऊन मागे पडले. ते एका बोटावर उचललं गेलं. आत पाहिलं. नाणी होती. मोजली, चारशे बारा होती.

"आजी, पाय दुखले. उचलून घे ना."

"चालत जाऊ," मी म्हणाले.

आम्ही चालत गेलो. ती पुढे, मी मागे. धुळीचा रस्ता आहे, पावलं उमटतात. मी समोर बघत चालले, खाली बघितलं नाही.

आज शनिवार. ती जेवते, हसते, शाळेत जाते, फळ्यावर स्वतःचं नाव काढते. दिवसातून दहा वेळा माझ्यापुढे येऊन दोन्ही हात वर करते. मी काहीतरी काम काढते. मी तिला अजून उचललेलं नाही.

उद्या एफुआ येईल. तिची सवय आहे, हातातलं सामानही खाली ठेवत नाही, दारातच लेकीला उचलून घेते.